कल्पेश आत आहे

‘कल्पेश आत आहे,’ खैरनार साहेब म्हणाले.

‘साहेब, कल्पेश समुद्रात आहे. वडिलांच्या बोटीवर. शुक्रवारपासून.’

‘मॅडम, ते तुम्ही म्हणताय. कुलूप काय म्हणतंय?’

कुलूप लाल रंगाचं होतं आणि गेटवरच्या टोकन मशीनच्या प्लगला लटकत होतं. प्लग एका लाल प्लॅस्टिकच्या डबीत बंद होता, आणि डबीला हे कुलूप. कुलपाला एक कार्ड बांधलेलं होतं. त्यावर कल्पेश तांडेलचा हसरा पासपोर्ट फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत : ‘धोका! माणूस काम करत आहे. कुलूप काढू नये.’

सोमवारची सकाळ होती. दुपारी कारखान्याचे शेठ मुंबईहून येणार होते. त्यांना मशीनमधून टोकन निघताना बघायचं होतं, स्वतःच्या हाताने घ्यायचं होतं. आणि मशीनचा प्लग बोर्डात जाऊ शकत नव्हता, कारण कागदोपत्री आमचा कल्पेश त्या मशीनच्या आत होता.

हे सगळं इथवर कसं आलं ते सांगते.

मी स्क्रम मास्टर आहे. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सासूबाईंना वाटलं, मला बढती मिळाली. प्रत्यक्षात स्क्रम मास्टरच्या हाताखाली कोणी नसतं. टीमच्या कामात जे जे अडथळे येतात ते दूर करायचे, एवढंच त्याचं काम. ते मी घरी बिनपगारी करतेच. इथे त्याचा पगार मिळतो.

आमची सॉफ्टवेअर कंपनी ठाण्याची. पालघरला एक छोटं ऑफिस, त्यात आम्ही चौघं. तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्याचं काम आमच्याकडे आलं. कारखान्याबाहेर रोज सकाळी ट्रक आणि टँकरची रांग लागायची. रांग म्हणायची एक पद्धत. गेटवरच्या मिश्राजींच्या कानाशी जो ड्रायव्हर जास्त मोठ्याने ओरडेल त्याची गाडी आधी आत. शेठना हे बंद करायचं होतं. ड्रायव्हरने मशीनवर गाडीचा नंबर टाकावा, माल कोणता ते सांगावं, टोकन घ्यावं आणि गाडीत जाऊन झोपावं. नंबर लागला की स्क्रीनवर दिसेल.

काम छोटं होतं, पण आमच्यासाठी फार मोठं होतं. ठाण्याचे आमचे देसाई सर स्पष्ट बोलले होते, ‘हे जमलं तर पुढचा फेज पालघरलाच. नाही जमलं तर पालघरचं ऑफिस बंद, सगळ्यांनी पुण्याला शिफ्ट व्हायचं.’ माझं घर सरावलीला. नवरा एमआयडीसीतल्याच दुसऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्सला, मुलगी दहावीला. पुण्याला जायचं म्हणजे घराचे दोन तुकडे. कल्पेशचं तर त्याहून अवघड. वडिलांची बोट आहे आणि अडीअडचणीला त्यालाच बोलावलं जातं. तो मला म्हणाला होता, ‘ताई, मी पुण्याला जाईन, पण बाबा येनार नाय. पुण्यात समुद्र नाय.’

आता स्क्रम म्हणजे काय ते थोडक्यात. पूर्वी सॉफ्टवेअर कसं बनायचं? गिऱ्हाईक सगळ्या मागण्या एकदाच सांगायचं. आम्ही महिनोन्‌महिने दार लावून काम करायचो. मग दार उघडून दाखवायचो, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, हे नव्हतं सांगितलं. स्क्रममध्ये कामाचे छोटे तुकडे करतात. दोन आठवड्यांचा एक टप्पा, त्याला स्प्रिंट म्हणायचं. स्प्रिंटच्या शेवटी जेवढं झालं तेवढं चालवून दाखवायचं. आवडलं नाही तर दोन आठवडेच वाया जातात.

काय आधी करायचं आणि काय नंतर, हे एकाच माणसाने सांगायचं. त्याला प्रॉडक्ट ओनर म्हणतात. आमचे प्रॉडक्ट ओनर डिस्पॅचचे सावेकाका. हे पद मिळाल्यावर त्यांनी घरी पेढे नेले. मग कळलं की यात फक्त निर्णय घ्यायचे असतात, आणि तेव्हापासून ते मला कॉरिडॉरमध्ये बघून वळायला लागले.

रोज सकाळी स्टँड-अप. सगळ्यांनी उभं राहायचं आणि प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. उभं अशासाठी की पाय दुखले म्हणजे माणूस लवकर गप्प बसतो. आणि भिंतीवर एक बोर्ड. त्यात तीन रकाने : करायचंय, चालू, झालं. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी, आणि चिठ्ठी डावीकडून उजवीकडे सरकत जाते.

शेवटच्या स्प्रिंटसाठी आम्ही कारखान्यातच, गेटजवळच्या खोलीत बसायला लागलो. पहिल्याच सकाळी आमचा स्टँड-अप चालू असताना दारात खैरनार साहेब येऊन उभे राहिले.

खैरनार साहेब म्हणजे कारखान्याचे सेफ्टी ऑफिसर. मूळचे धुळ्याकडचे. कॅंटीनमध्ये वरणभात खातानासुद्धा त्यांच्या डोक्यावर हेल्मेट असतं. केमिकल कारखान्यात शिफ्ट सुरू होण्याआधी कामगारांना गोल उभं करून आजचं काम काय, धोका काय ते सांगतात. त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. आम्हाला गोल उभं राहून बोलताना बघून साहेबांचा ऊर भरून आला.

‘आयटीवाले टूलबॉक्स टॉक करतात, हे मला माहीतच नव्हतं,’ ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज हजर. आम्हाला हेल्मेट मिळाली. स्टँड-अपच्या आधी सुरक्षेची शपथ आली. माझ्या तीन प्रश्नांना त्यांनी चौथा जोडला, ‘आज कोणाला काय लागू शकतं?’

‘भूक,’ कल्पेश म्हणाला.

साहेबांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं.

मग एके दिवशी त्यांची नजर बोर्डावर गेली. ‘चालू’ या रकान्यापुढे ते बराच वेळ उभे राहिले.

‘म्हणजे टोकन मशीनवर आत्ता काम चालू आहे?’

‘हो साहेब.’

‘कोण करतंय?’

‘कल्पेश.’

‘आणि मशीनला सप्लाय चालू?’

मी सांगितलं, काम लॅपटॉपवर चालतं, मशीनला कोणी हात लावत नाही. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

इथे मला एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कारखान्यात कोणी माणूस मशीन दुरुस्तीला आत उतरतो, तेव्हा मशीनची वीज बंद करून स्विचला आपलं कुलूप लावतो. किल्ली स्वतःच्या खिशात. म्हणजे बाहेरच्या कोणी चुकून बटण दाबलं तरी मशीन सुरू होत नाही. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. मालकानेही दुसऱ्याचं कुलूप काढायचं नाही. आमच्या भागात घरटी एक माणूस शिफ्टला जातो. कुलपाची चेष्टा इथे कोणी करत नाही.

म्हणून साहेब जेव्हा म्हणाले, ‘चिठ्ठी चालूमध्ये असेपर्यंत मशीनला कुलूप,’ तेव्हा मी हो म्हणून टाकलं. ट्रायल घ्यायची असेल तर कुलूप काढायचं, ट्रायल झाली की परत लावायचं. एवढ्याने त्यांना बरं वाटणार असेल तर आपलं काय जातं, असा मी विचार केला.

त्याचा रीतसर कार्यक्रम झाला. सामोसे आले. प्रत्येकाला फोटो लावलेलं स्वतःचं कुलूप मिळालं. माणशी एकच. कल्पेशने कुलपाबरोबर सेल्फी काढून घरच्या ग्रुपवर टाकला. त्याच्या मावशीने विचारलं, तिजोरीच्या खात्यात लागलास का?

तर आता शुक्रवारकडे येते. खरं म्हणजे गुरुवारकडे. गुरुवारी संध्याकाळी कल्पेशने शेवटची ट्रायल घेतली. सगळं व्यवस्थित चाललं. काम संपलं होतं. पण ट्रायल झाली की कुलूप लावायचं, ही सवय हाताला इतकी बसली होती की त्याने कुलूप लावलं. तेवढ्यात वडिलांचा फोन आला. मासेमारी नुकतीच सुरू झाली होती आणि बोटीवरचा एक खलाशी आजारी पडला होता. कल्पेशने शुक्रवारची सुट्टी मागितली, मी दिली. रविवारी तो परत येणार होता. चिठ्ठी ‘चालू’मध्ये राहिली, कुलूप प्लगवर राहिलं, आणि किल्ली दर्यावर गेली.

सोमवार उजाडला तरी कल्पेश आला नव्हता. फोन लागत नव्हता.

‘दुसरी किल्ली असेल ना?’ मी साहेबांना विचारलं.

‘दुसरी किल्ली असती तर ते कुलूप झालं नसतं मॅडम, दागिना झाला असता.’

‘पण साहेब, काम झालंय. मी सांगते ना.’

‘मग चिठ्ठी चालूमध्ये का? बोर्ड तुमचाच आहे.’

 बोर्ड खरा ठेवा, असं मीच सगळ्यांना रोज ओरडून सांगत होते.

एव्हाना गेटवर गर्दी जमली होती. सावेकाका आले. कुलपावरचा फोटो बघून म्हणाले, ‘हसतोय कसा बघा.’ मिश्राजी आले आणि त्यांनी माझ्या कानाशी हळूच सांगितलं, ‘मैडम, फिटर के पास कटर है। दो मिनट का काम है।’

तेवढ्यात देसाई सरांचा फोन आला. मी सगळं सांगितलं. 

‘वर्षा, मी जे ऐकलं ते बरोबर ऐकलं का? सॉफ्टवेअर तयार आहे, मशीन तयार आहे, आणि आपण एका प्लॅस्टिकच्या डबीसाठी थांबलोय?’

‘हो सर.’

‘कटर मिळत नाही का तिथे? कारखाना आहे ना तो? तोडा आणि मोकळे व्हा.’

फिटर कटर घेऊन आलाच होता. लांब दांड्याचा. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण अडथळे दूर करणारी बाई मीच.  खैरनार साहेब फक्त चालत गेले आणि मशीनसमोर उभे राहिले. हेल्मेट सरळ केलं. एका टोकन मशीनला पाठीशी घालून उभा असलेला तो माणूस फार विनोदी दिसत होता आणि मला हसू येत नव्हतं.

मला माझा नवरा आठवला. त्या दिवशी त्याची पहिली पाळी होती. त्याच वेळेला तो कुठल्या तरी टाकीत उतरलेला असणार, बाहेर स्विचला त्याचं कुलूप, त्यावर त्याचा फोटो. त्याच्या फोटोत तो हसतही नाही. बाहेर कोणीतरी घाईत असेलच. कोणाचा तरी साहेब कोणाला तरी फोनवर म्हणत असेल, तोडा आणि मोकळे व्हा.  मला माहीत होतं की आमच्या मशीनच्या आत कोणी नाही. पण आज हे कुलूप गंमत म्हणून तुटलं, तर हा फिटर उद्या पुढचं कुलूप थोडं कमी विचार करून तोडेल.

‘कटर नको,’ मी म्हटलं.

‘वर्षा!’ देसाई सर फोनवर.

‘सर, मी कल्पेशला घेऊन येते.’

‘समुद्रातून?’

‘हो सर.’

‘मग येताना पुण्यात भाड्याने घरंही बघत या,’ ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी स्कूटी काढली. निघताना साहेबांना विचारलं, ‘फोनवर त्याने सांगितलं तर चालेल ना, की मी बाहेर आहे म्हणून?’

‘फोनवर कोणीही कल्पेश होऊ शकतो,’ साहेब म्हणाले. ‘समोर उभा करा.’

कल्पेशच्या गावाला, दांडीला पोचले तर किनाऱ्यावर बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. त्यांत कल्पेशची आई दिसली. मी तिच्या शेजारी वाळूत बसकण मारली.

‘काकू, कल्पेश कुठाय?’

‘त्यो काय,’ तिने हात लांब केला. समोर पाण्यात थोड्या बोटी उभ्या होत्या. ‘हिरव्या बावट्याची दिसते नं? ती आमची. काल यवाची, तर जाल्यात म्हावरा लय गावला. मंग ऱ्हायले.’

‘मग आता येत का नाही?’

‘पानी कुठं हाय? वहटी लागली. पानी चढल्याशिवाय बोट कशी लागंल?’

ओहोटी होती. पाणी लांब गेलं होतं आणि मधे नुसता चिखल पसरला होता. म्हणजे मला कल्पेश हवा होता, कल्पेश दिसत होता, आणि मधे समुद्र नव्हता म्हणून तो येऊ शकत नव्हता. स्क्रमच्या ट्रेनिंगमध्ये अडथळ्यांची बरीच उदाहरणं देतात. त्यात हे नव्हतं.

किनाऱ्याजवळ आल्यामुळे त्याच्या फोनला रेंज मिळाली होती. मी फोन लावला आणि लांबवर बोटीवरच्या एका ठिपक्याने हात वर केला.

‘ताई! दिसले तुम्ही! हेल्मेट कारखान्याचंच घालून आलात का?’

‘कल्पेश, तू उभा आहेस ना?’

‘उभाच हाय. बसायला जागा नाय, सगळीकडं बोंबील.’

‘मग स्टँड-अप घेते. काल काय केलंस?’

‘काल... बोंबील काढले.’

‘आज काय करणार?’

‘पानी आलं का येनार.’

‘अडचण?’

‘पानी नाय.’

मी त्याला कुलपाचं सांगितलं. पलीकडून एक शिवी ऐकू आली, ती त्याने स्वतःलाच दिली होती. किल्ली त्याच्याजवळच होती. पाण्यात पडू नये म्हणून त्याने ती काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात बांधली होती. तेवढा तो जबाबदार आहे.

मग आम्ही समुद्राची वाट बघत बसलो. इतक्या वर्षांत मी डेडलाइनची वाट बघितली, गिऱ्हाइकाच्या मेलची बघितली, सर्व्हर चालू होण्याची बघितली. सगळीकडे कोणावर तरी ओरडता येतं. इथे मी दोनदा उठून पाण्याजवळ जाऊन आले. कल्पेशच्या आईने शेवटी मला पिशवीतली भाकरी आणि सुकटाची चटणी दिली. ‘खा गो,’ ती म्हणाली. ‘बगून पानी वर येत नाय.’

चटणी तोंडात असतानाच सावेकाकांचा फोन आला. ‘मॅडम, शेठ आले. लवकर आले. कुलूप बघतायत.’

‘काय म्हणतायत?’

‘म्हणतायत, तोडो इसको. आणि खैरनारांनी त्यांना पोस्टर दाखवलं.’

ते पोस्टर मला माहीत होतं. गेटवरच लावलंय, चांगलं दाराएवढं. त्यावर शेठ स्वतः हेल्मेट घालून, हातात लाल कुलूप धरून उभे आहेत आणि खाली लिहिलंय, ‘माझं कुलूप, माझा जीव. ते मीच काढणार.’ खैरनार साहेबांनीच ते दोन वर्षांपूर्वी छापून घेतलं होतं.

‘मग?’

‘मग काय. शेठ बराच वेळ स्वतःच्या फोटोकडे बघत होते. आता मिश्राजीच्या केबिनमध्ये चहा पितायत. पण वैतागलेत. मला विचारलं, हे काम दुसरीकडे देता येईल का.’

मी उरलेली भाकरी ठेवली आणि तिसऱ्यांदा पाण्याजवळ जाऊन आले.

शेवटी पाणी आलं. बोट किनाऱ्याला लागली तसा कल्पेश कमरेभर पाण्यातून धावत आला. मी स्कूटी चालू करून तयार होते, पण काकूने त्याचा दंड धरला. ‘टोपल्या कोन चढवनार? तुजा साहेब?’ बोईसरच्या बाजारात जायला बायकांनी टेम्पो ठरवलेला होता. टोपल्या भरल्याशिवाय तो हलणार नव्हता, आणि टेम्पोच्या वाटेतच कारखाना होता. मग कल्पेशने टोपल्या चढवल्या, मीही चढवल्या, आणि सगळी वरात निघाली. पुढे टेम्पो, त्यात बोंबील, चार बायका आणि आमचा सिनिअर डेव्हलपर. मागे स्कूटीवर मी, टेम्पोतून गळणारं बर्फाचं पाणी अंगावर घेत.

गेटवर शेठ, सावेकाका, खैरनार साहेब आणि त्यांच्या मागे सकाळपासून टोकनविना तुंबलेले ट्रक आणि टँकर. टेम्पो सगळ्या रांगेच्या पुढे जाऊन अगदी गेटला टेकून थांबला. कल्पेशने उडी मारली आणि मशीनकडे पळाला.

‘थांब!’ खैरनार साहेब ओरडले. ‘पायात काय आहे?’

पायात काहीच नव्हतं. त्याला सेफ्टी शूज दिले, दोन नंबर मोठे. हेल्मेट दिलं. मग साहेबांनी कुलपावरचं कार्ड हातात घेतलं आणि फोटो व चेहरा ताडून बघायला लागले. तीन दिवसांचं ऊन, दाढी, कपाळाला मीठ.

‘जुळत नाही,’ साहेब म्हणाले.

‘साहेब, हसू का?’ कल्पेशने विचारलं आणि हसला.

‘जुळलं. काढ.’

त्याने गळ्यातली किल्ली काढली, कुलूप उघडलं, डबी काढली. प्लग बोर्डात गेला. कल्पेश अधिकृतरीत्या मशीनच्या बाहेर आला. सावेकाकांनी टाळ्या वाजवल्या. स्क्रीन उजळली.

शेठ पुढे झाले. पण त्यांच्याआधी मिश्राजी पुढे झाले. मिश्राजींना आम्ही आठवडाभर एकच गोष्ट घोकून घेतली होती. मशीन चालू झालं की गेटवर पहिली जी गाडी उभी असेल तिची एंट्री आधी करायची, शेठची गाडी असली तरी. गेटवर पहिली गाडी टेम्पो होती.

मिश्राजींनी टेम्पोचा नंबर टाकला. मालाची यादी आली : ॲसिड, सॉल्व्हंट, मीठ, रिकामे ड्रम, इतर. त्यांनी टेम्पोत डोकावून बघितलं आणि ‘इतर’ दाबलं. मशीनने विचारलं, काय? त्यांनी एकेक अक्षर शोधून लिहिलं. मग टर्रर्र आवाज करत टोकन बाहेर आलं. शेठनी ते हातात घेतलं आणि मोठ्याने वाचलं.

‘टोकन एक. माल : बोंबील.’

 मग खैरनार साहेबांनी खाकरून विचारलं, ‘याची एमएसडीएस आहे का?’

एमएसडीएस म्हणजे मालाबरोबर येणारा कागद. हा माल किती घातक, हाताला लागला तर काय करायचं, सांडला तर काय करायचं, असं त्यात असतं. त्याच्याशिवाय कारखान्यात काही येत नाही.

‘काय मांगतो गो त्यो?’ टेम्पोतून काकूने मला विचारलं.

‘काकू, बोंबलाने काय होतं त्याचा कागद मागतायत.’

‘काय व्हत नाय म्हनाव. रव्यात घोलवाचा न तेलात सोडाचा.’

तेवढ्यात स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत आलं, ‘टोकन एक : अनलोडिंग, शेड क्रमांक दोन.’ शेड दोन म्हणजे ॲसिडची शेड; ‘इतर’ माल कुठे पाठवायचा हे सावेकाकांनी ठरवलंच नव्हतं. मिश्राजींनी नियमाप्रमाणे गेट उघडलं, टेम्पोवाल्याने नियमाप्रमाणे गाडी गिअरमध्ये टाकली, आणि सावेकाका त्यांच्या वयाला न शोभेल अशा वेगाने टेम्पोच्या पुढे धावत जाऊन आडवे झाले.

शेठ हसायला लागले ते केबिनच्या भिंतीला टेकून. त्यांना बघून सगळेच. खैरनार साहेब सोडून. ते टेम्पो मागे घेताना शिट्टी वाजवत होते.

टेम्पो गेला. दुसरं टोकन टँकरला मिळालं, तिसरं ट्रकला. एकही ड्रायव्हर ओरडला नाही. स्क्रीनवर नंबर बदलत गेले आणि रांग सरकत गेली. शेठ टोकन निघतात ते बघत तिथेच उभे राहिले. जाताना मला म्हणाले, ‘मॅडम, मशीन चालतं. पुढचं काम सुरू करा. आणि मला खरं सांगा, कटर आणला होता ना?’

‘आणला होता.’

‘मग?’

मी पोस्टरकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. ‘फोटो चांगला आलाय,’ ते म्हणाले आणि गाडीत बसले.

देसाई सरांचा संध्याकाळी फोन आला. पुण्याचा विषय त्यांनी काढला नाही, म्हणून मीही काढला नाही.

स्प्रिंट संपल्यावर आणखी एक मीटिंग असते, रेट्रो. काय चांगलं झालं, काय चुकलं, पुढच्या वेळी काय बदलायचं, यावर सगळ्यांनी मोकळेपणाने बोलायचं. कल्पेश उठून उभा राहिला. ‘माजं चुकलं. काम झाल्यावर कुलूप काढायचं, चिठ्ठी सरकवायची. मी दोन्ही नाय केलं.’ खैरनार साहेबांनी त्याला शाबासकी दिली. मला वाटलं, आता कुलपं परत करू. पण सावेकाकांनी एक वेगळीच गोष्ट काढली. कुलपं येण्याआधी कल्पेशच्या नावावर ‘चालू’मध्ये एकदम पाच-सहा चिठ्ठ्या असायच्या, सगळ्या अर्धवट. चिठ्ठीमागे एक कुलूप आणि कुलूप माणशी एकच, असं झाल्यावर त्याला एका वेळी एकच काम घेता यायचं, आणि ते संपायचं. हेच मी वर्षभर त्याला समजावत होते. चार्ट काढून, आलेख दाखवून. शेवटी लाल प्लॅस्टिकने समजलं.

कुलपं ठेवली. बदल एकच झाला. संध्याकाळी गेटमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला मिश्राजी विचारतात, ‘कुलूप खोला?’ मागे एकदा त्यांनी शेठनाही विचारलं. शेठनी खिसे चाचपले, म्हणे.

त्या सोमवारी घरी आले तेव्हा अंगाला बोंबलाचा वास येत होता. नवरा पहिली पाळी करून केव्हाच आला होता. त्याला सगळं सांगितलं. आधी तो पोट धरून हसला. समुद्रातला स्टँड-अप तर त्याने दोनदा सांगायला लावला. मग मी कटरचं सांगायला लागले तसा तो हसायचा थांबला.

‘तोडलं नाहीस ना?’

‘नाही.’

 त्याने उठून माझ्यासाठी गरम पाणी काढलं आणि माझी स्कूटीसुद्धा धुऊन आणली. लग्नाला अठरा वर्षं झाली, स्कूटी त्याने पहिल्यांदा धुतली.

नव्या मुलांना मी स्क्रम शिकवते तेव्हा ती विचारतात, काम ‘झालं’ असं नक्की केव्हा म्हणायचं? पुस्तकात याची लांबलचक व्याख्या आहे. मी तीही सांगते, आणि मग म्हणते : कुलूप निघालं, चिठ्ठी सरकली आणि माणूस बाहेर दिसला, की झालं. आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक आता आमच्या बोर्डाशेजारीच लावलेलं असतं.